चोरीचं बियाणं

विकत आणलेला बटाटा मुकाट रुजतो,
मागून आणलेला लाजत लाजत,
आणि चोरलेला, माझी सासू एल्सीरा म्हणायची,
चोरलेला दातओठ खाऊन वाढतो.

चिलोए बेटावरचं आमचं परसू तिनं असंच भरलं.
मयताच्या घरून परतताना एक,
बारशाचं जेवून निघताना एक,
कुणाच्या कुंपणापाशी बुटाची नाडी बांधायला वाकून
एप्रनच्या खिशात एक.

मी आले उत्तरेच्या वाळवंटातून, नवी सून,
बटाटा म्हणजे बटाटा, एवढंच ठाऊक असलेली.
तिनं मला वाफ्यात उभं केलं
आणि सोयऱ्यांची द्यावी तशी ओळख करून दिली:
ही चेटकीण, कापलीस की आतून जांभळी.
हा मिचुन्ये, म्हाताऱ्याच्या बोटासारखा,
सोलायला गेलीस तर रडवेल.
ही क्लावेला, गालावर लाली आहे पण उकडली की फुटते,
तिच्या भरवशावर पाहुणे बोलावू नकोस.
आणि ही... इथं तिचा आवाज खाली आला,
हिला नाव नाही.

काळी, गाठाळ, अंगभर डोळे.
लावताना वाटायचं, आपल्यालाच कुणी निरखतंय.

सासू गेली त्याला चार वर्षं झाली.
किनाऱ्यावरचं शेवाळ पाटीनं वाहून
मी तेवीसच्या तेवीस जाती जगवल्या.
मग यंदाच्या जानेवारीत धुकं आलं आणि उठेचना.
पानांच्या कडा आधी तेलकट, मग काळ्या,
मग तो वास, विसरलेल्या ओल्या फडक्याचा.
करपा.
नवरा साल्मनच्या पिंजऱ्यांवर कामाला.
फोनवर म्हणाला, आचाओच्या दुकानात मिळतात की,
पोत्यानं, पांढरे, सगळे सारखे.
मी फोन ठेवला.

एकोणीस जातींचं काही ना काही हाती लागलं.
काळीच्या सरीत मी चिकणमातीपर्यंत खणत गेले.
नुसता काळा लगदा.

शेजारच्या बाउदिलिओशी आमचा नऊ वर्षं अबोला,
डुकरावरून.
डुक्कर कुणाचं होतं ते अजून ठरलेलं नाही,
आणि डुक्कर तर केव्हाच खाऊन झालं.
पण त्याच्या परसात, कुंपणाच्या फटीतून,
मी एक फूल पाहिलं होतं:
पांढरं, मधोमध जांभळा ठिपका.
आमच्या काळीचं.
म्हणजे चोरलं! केव्हा?
सासूला पोचवायच्या दिवशीच असणार,
अख्खा गाव आमच्या स्वयंपाकघरात होता
आणि परसात कुणीच नव्हतं.

मार्चमधल्या एका रात्री मी कुंपण ओलांडलं.
चोराच्या मनात चांदणं म्हणतात,
माझ्या तर डोक्यावरही होतं, लख्ख.
खुरपं वाजेल म्हणून हातांनीच उकरू लागले,
तोच लाकडांच्या खोपटापाशी विडीचं टोक लाल झालं.

"तिसऱ्या ओळीत बघ," बाउदिलिओ म्हणाला.
"तिथल्या अजून कोवळ्या आहेत."

नऊ वर्षांनंतरची ही पहिली दोन वाक्यं.
आभार मानावेत तर मग ती चोरी कसली?
त्यालाही ते समजलं असावं.
तो उठला, खोपटाच्या भिंतीकडे तोंड करून उभा राहिला,
शिक्षा झालेल्या पोरासारखा,
माझा खिसा भरेपर्यंत.

चार मिळाल्या.
तीन माळ्यावर ठेवल्या, चुलीच्या धुरात.
चौथी मी उकडली, कारण सासूनं ती कधी
कुणाला खाऊच दिली नव्हती.
मीठ लावून खाल्ली, उभ्यानंच.
जराशी मातकट, शेवटी कडसर.
खरं सांगते, क्लावेला बरी.

ऑगस्ट उजाडल्यावर उरलेल्या तीन लावल्या,
अगदी कुंपणालगत,
पलीकडून हात घातला तर पोचेल इतक्या जवळ.

डुकराचा विषय अजून निघालेला नाही.